मेहुण्याचं हीटर आणि मिस्त्रीचं हीटर

डिसेंबरातली पहाट. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघालेली मंडळी कानटोप्या घालून गाडीत बसलेली, आणि आमची जुनी डिझेल व्हॅन नुसती घरघर करत होती. सहाव्या-सातव्या सेल्फला कशीबशी लागली, मागून पांढऱ्या धुराचा लोट आणि कच्च्या डिझेलचा वास. मेहुण्यानं तिथंच सल्ला दिला, "दाजी, इंजिनाला हीटर बसवून घ्या. घरच्या बोर्डात पिन खोचायची, इंजिन गरम राहतं. मोबाइलवर बघितलंय मी."

दुसऱ्या दिवशी परभणीत मिस्त्रीला हेच सांगितलं. तो बॉनेट उघडता उघडता म्हणाला, "आनखी काहून बसवायचं? तुमच्या गाडीत चार हीटर हायेत की. दोन मेले असतील."

दोघंही हीटरच म्हणत होते, पण वस्तू वेगवेगळ्या होत्या.

मिस्त्रीचं हीटर म्हणजे ग्लो प्लग, गॅरेजात ज्याला हीटर प्लग म्हणतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, दाबानं ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तोच प्रकार. पण गारठलेलं लोखंड ही उष्णता पिऊन टाकतं. त्यात थंडीनं मलूल झालेली बॅटरी इंजिन हळू फिरवते, आणि हळू फिरलं की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते. डिझेल पेटत नाही, तसंच वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पांढरा धूर तो हाच. ग्लो प्लग पेन्सिलीएवढा असतो, प्रत्येक सिलिंडरला एक. बॅटरीच्या करंटवर त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होतं, ८०० ते १००० अंशांपर्यंत जातं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या तारेसारखा पिवळा दिवा लागतो, तो याचाच. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. आपल्यात कुणाला तेवढा दम निघत नाही, ही गोष्ट वेगळी.

मेहुण्याचं हीटर म्हणजे ब्लॉक हीटर. याचा सिलिंडरच्या आतल्या आगीशी संबंध नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मुख्य लोखंडी धडात, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं, त्यात हे बसतं, बादलीत टाकायच्या रॉडसारखं. घरच्या २३० व्होल्टवर चालतं, बहुतेक ४०० ते १००० वॉटचं असतं आणि गाडी काढायच्या दोन-चार तास आधी लावावं लागतं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्रू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात असं हीटर बनवलं. तिथं आणि कॅनडात पारा उणे २०-३० वर जातो, ऑइल घट्ट होऊन बसतं. म्हणून तिकडं पार्किंगमध्येसुद्धा प्लग पॉइंट असतात. पेट्रोल गाडीलाही ते चालतं. ग्लो प्लग मात्र फक्त डिझेलला. तुमची व्हॅन पेट्रोल किंवा सीएनजीची असेल तर तिच्यात हीटर प्लग नाहीच, तिथं स्पार्क प्लग आणि बॅटरी बघायची.

परभणीचा पारा थंडीत आठ-दहावर येतो, एखाद्या वर्षी पाचाच्या खाली घसरतो. आपल्याला कुडकुडायला तेवढा पुरे, पण ब्लॉक हीटर लागावं अशी ही थंडी नव्हे. ते लावलं असतं तर गाडी कदाचित लागलीही असती आणि मेलेले प्लग झाकून गेले असते. मग परळीत मुक्काम करून पहाटे निघताना पिन कुठं खोचायची? शिवाय आमच्या आळीत लाइट रात्री कधी जाईल याचा नेम नाही.

मिस्त्रीनं प्लगांना जोडणारी पट्टी सोडली, टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला धरली आणि दुसरं टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवलं. पहिल्याला बल्ब लागला. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. चौथ्याला लागला. म्हणजे पिवळा दिवा रोज इमानेइतबारे लागत होता आणि आत निम्मे प्लग मेलेले. तो दिवा टायमरवर चालतो, प्लग जिवंत आहेत का याची त्याला खबर नसते, निदान आमच्यासारख्या जुन्या गाडीत. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ती आपल्या थंडीत एखादा प्लग मेला तरी चालू होतात. जुन्या इंजिनात डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटतं. त्या खोलीच्या भिंती उष्णता जास्त खातात, म्हणून तिथं प्लगाशिवाय भागत नाही.

बॅटरीही तपासून घेतली. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला तर प्लगला दोष देण्यात अर्थ नाही. आमची ठीक होती, नुसत्या टर्मिनलवर पांढरी बुरशी होती.

मेहुण्याला मात्र व्हॅन घेऊन लडाखला जायचंय. तिथं त्याचं ब्लॉक हीटर कामाचं, पण जिथं पिन खोचायला जागा असेल तिथंच. वाटेत मुक्काम करणाऱ्याला तिसरीच वस्तू लागते: टाकीतलंच थोडं डिझेल जाळून कूलंट गरम करणारा बर्नर. आणि यातलं काहीही टाकीतलं डिझेल गोठण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आणलं. ते तिथंच भरायचं.

आम्ही चारही प्लग बदलले. मिस्त्रीनं आधी इंजिन गरम होऊ दिलं, प्लगांच्या बुडाशी ऑइल सोडलं, मग पान्याला हात लावला. थंड इंजिनात जोर केला तर प्लग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, तुटतो आणि हेड उतरवावं लागतं. तिसरा प्लग निघताना कर्र वाजला तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून उभे होतो.