झाड वीतभर, फळ मात्र पुऱ्या मापाचं

बोन्सायच्या कुंडीतलं झाड जन्मानं बुटकं नसतं. त्याच्या पेशींतली जनुकं बागेत ऐसपैस वाढलेल्या झाडाचीच असतात. मुळांना जागा अपुरी आणि शेंडे सतत खुडलेले, म्हणून ते आवरून वाढतं. तेच जमिनीत लावलं तर पुन्हा उंच होऊ लागेल. पानंही या बंधनाला दाद देतात. अंकुरांची संख्या वाढली आणि भरपूर ऊन मिळालं की एकेक पान लहान होत जातं. फळ मात्र फारसं जुमानत नाही. त्याचं माप जनुकांनी बरंच पक्कं ठरवलेलं असतं, त्यामुळे वीतभर झाडालाही फळ लागतं ते जवळपास नेहमीच्या आकाराचं.

म्हणून मुळातच बारीक फळाचं झाड निवडायचं. 'नाना' नावाचं बुटकं डाळिंब सुरुवातीला उत्तम: पानं इवलीशी, फळ साधारण ४-५ सेंमी. कुमक्वाट आणि कॅलामोंडिन ही बारीक फळांची लिंबूवर्गीय झाडं, शिवाय बार्बाडोस चेरी, हीसुद्धा चांगली. हिवाळा कडक असेल तिथे क्रॅबॲपल, म्हणजे इवल्या फळांचं सफरचंद. कुंडीतल्या आंब्याचे फोटो मोहात पाडतात, पण लांबलचक पानं आणि जड फळ यांचा तोल साधणं कठीण. पहिलं झाड म्हणून आंबा नकोच.

दुसरा मोह बियांचा. बीपासून उगवलेल्या रोपाला बाल्यावस्था असते आणि ती संपेपर्यंत कितीही खतपाणी घातलं तरी ते फुलत नाही. लिंबूवर्गीय झाडांत किंवा सफरचंदात हा काळ सहज पाच-सात वर्षांचा, कधी त्याहून जास्त. फळं देणाऱ्या झाडाची फांदी मात्र वयात आलेली असते. तिच्यापासून कलम केलं की ते प्रौढपण कलमासोबत येतं.

बोन्सायसाठी गुटी कलम मला सगळ्यांत हुशारीचं वाटतं. अंगठ्याएवढ्या जाड फांदीवरून सालीचं एक कडं काढायचं, त्याखालचा निसरडा हिरवट थर खरवडायचा, ओलं मॉस गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, त्यामुळे फांदी सुकत नाही. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीतून खाली उतरते. तिची वाट कड्यापाशी तुटते. साखर आणि शेंड्याकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक कापाच्या वरच्या काठाशी साठतं आणि तिथूनच मुळं फुटतात. खरवडणं अर्धवट राहिलं तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. झाडाच्या जातीनुसार काही आठवडे ते काही महिने लागतात. शिवाय फांदी आधीच जाड असते, हा मोठा फायदा. उथळ कुंडीत खोड अतिशय सावकाश भरतं; जाडी हवी तर ती कुंडीत येण्याआधीच कमवावी लागते.

आता माती. नवी झाडं बहुतेक इथेच दगावतात. लांबट स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. कुंडीतही हेच घडतं. तळाला भोक असलं तरी केशाकर्षणामुळे, म्हणजे कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात म्हणून, तळालगतचा एक थर चिंब राहतो आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे, कणांच्या आकारावर ठरते. खोल कुंडीत हा थर मुळांच्या बराच खाली राहतो. चार बोटं खोल कुंडीत तोच निम्मी जागा व्यापू शकतो आणि मुळं हवेवाचून कुजतात. यावर उपाय म्हणजे भरड मिश्रण: चाळून बारीक भुकटी काढलेले विटांचे तुकडे, प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा भरड वाळू, २ ते ६ मिमी दाण्याची, आणि थोडं कंपोस्ट. तळाशी खड्यांचा थर द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं ओला थर फक्त वर सरकतो. भरड मिश्रण लवकर सुकतं, म्हणून पाणी रोज बघावं लागतं; उन्हाळ्यात कदाचित दोनदा.

छाटणीचा नियम झाडागणिक बदलतो. शेंडा खुडला की ऑक्झिनचा दाब उठतो आणि खालचे डोळे फुटतात, हे सगळीकडे सारखं. फूल कुठे येतं ते मात्र वेगळं. सफरचंद कुळात पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच आखूड फांद्यांवर घडतात, त्यामुळे हिवाळ्यातली सरसकट कात्री म्हणजे फुलांवरच घाला. अंजीर प्रामुख्यानं नव्या फुटीवर फळतं. आपल्या झाडाचा बहार एकदा पुरता पाहावा, मगच आकाराचा विचार करावा. तार बांधायची तर कोवळ्या, वाकणाऱ्या फांदीलाच. डाळिंबाचं जून लाकूड वाकण्याऐवजी कडकन मोडतं.

कळ्या दिसल्या की बहुतेकांचा लोभ अनावर होतो. सफरचंदाचं एक फळ नीट पोसायला साधारण ३० ते ४० पानं लागतात, असा बागाईतदारांचा ठोकताळा आहे. बोन्सायवर अशी किती फळं पोसणार? जास्त ठेवली तर मुळांच्या आणि नव्या फुटीच्या वाट्याची साखरही फळं ओढून घेतात. सफरचंदात तर वाढत्या बियांतून येणारी जिबरेलिनं ही संप्रेरकं पुढच्या वर्षीच्या कळ्याही रोखतात. त्यामुळे फळं वाटाण्याएवढी असतानाच विरळणी करायची आणि पहिल्या वर्षी एक-दोनच ठेवायची. डाळिंबाची बरीच फुलं गळाली तर घाबरू नका. घंटेच्या आकाराची फुलं सहसा फळत नाहीत. बुडाशी फुगीर, सुरईसारखी असतात तीच धरतात. कीटक फिरकत नसतील तर मऊ कुंचल्यानं पराग फिरवावा. क्रॅबॲपलला मात्र सहसा दुसऱ्या वाणाचा पराग हवा. झाड खोलीत ठेवणार असाल तर फळाची आशा सोडा. खिडकीपाशी आपल्याला लख्ख वाटणारा उजेड बाहेरच्या उन्हाच्या तुलनेत अगदी तोकडा असतो.

दोन-तीन वर्षांनी मुळं कुंडीभर गोल फिरू लागतात. फळं उतरल्यावर, नवी फूट यायच्या आत झाड काढून जाड मुळं मागे छाटावीत आणि पाणी शोषणारी बारीक तंतुमुळं राखावीत. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळं काढू नयेत. त्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात.