मॉर्मन, त्यांचे चर्च आणि वृत्तपत्रे: पॅल्मायराच्या छापखान्यापासून

मॉर्मन चर्चविषयी इंग्रजी वृत्तपत्रांत आज जे छापून येते, त्यातल्या बऱ्याचशा सवयी ठरावीक दशकांत पडल्या आहेत. बायकांची संख्या मोजणे, एका पंथाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर घालणे, चर्च सोडून गेलेल्याच्या शब्दावर सगळी बातमी उभी करणे, किंवा उलट चर्चचे पत्रक जसेच्या तसे छापणे, या त्या सवयी. प्रत्येकीमागे त्या काळी बातमी कशी मिळायची आणि कशी फिरायची याचे कारण सापडते.

सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या पॅल्मायरा या गावात झाली. तिथे एग्बर्ट ग्रँडिनचा छापखाना होता आणि ‘वेन सेंटिनेल’ हे साप्ताहिक तोच काढत असे. मॉर्मन चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने आणलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथाच्या 5,000 प्रती छापण्याचे काम त्याने 3,000 डॉलरला घेतले. मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने त्यासाठी आपली जमीन गहाण ठेवली. पुस्तक 26 मार्च 1830 रोजी विक्रीला आले. त्याआधीच, जानेवारीत, त्यातले उतारे एका वेगळ्याच पत्रात झळकले होते. ऍबनर कोल हा गृहस्थ ‘ओबादाया डॉगबेरी’ या टोपणनावाने ‘रिफ्लेक्टर’ नावाचे पत्र चालवायचा आणि ते ग्रँडिनच्याच यंत्रावर रात्री व रविवारी छापायचा. पुस्तकाचे छापील फर्मे त्याच्या हाताशी होते. त्याने उतारे उचलले आणि सोबत चेष्टाही केली. स्मिथने प्रताधिकाराचा हवाला देऊन ते थांबवले. ग्रंथ आणि त्याची टिंगल एकाच यंत्रातून, जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडत होती.

ही टिंगल देशभर पोचली ती टपालामुळे. 1792 च्या अमेरिकी टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांना आपापले अंक विनामूल्य पाठवण्याची मुभा होती. लहान गावातल्या संपादकाकडे दर आठवड्याला दूरदूरच्या पत्रांचा गठ्ठा यायचा आणि त्यातला मजकूर तो कात्रीने कापून आपल्या अंकात लावायचा. पॅल्मायरात कोणी ‘सोनेरी बायबल’ असे खिजवून लिहिले की तेच शब्द अनेक ठिकाणी उमटत. मूळ मजकुरात चूक असेल तर तीही तशीच पुढे जाई, कारण मधल्या एकाही संपादकाने एकही मॉर्मन माणूस पाहिलेला नसे.

पुढच्याच वर्षी दुसरा स्रोत मिळाला: चर्च सोडलेला माणूस. ओहायोत एझरा बूथने पंथ सोडला आणि 1831 च्या शरदात ‘ओहायो स्टार’ मध्ये नऊ पत्रे लिहिली. ‘पेन्सव्हिल टेलिग्राफ’चा संपादक एबर हाऊ याने 1834 साली विरोधाचे पुस्तकच काढले. त्यातली स्मिथच्या शेजाऱ्यांची शपथपत्रे फिलास्टस हर्लबटने गोळा केली होती, आणि हर्लबट हाही चर्चने बहिष्कृत केलेला. बूथची पत्रे इतिहासकार आजही वापरतात, कारण तो स्वतः मिसूरीला जाऊन आला होता आणि डोळ्यांनी पाहिलेले लिहीत होता. हर्लबटची शपथपत्रे मात्र सावधपणे वाचावी लागतात. वेगवेगळ्या माणसांच्या जबान्यांत एकसारखी वाक्ये येतात, म्हणजे लेखणी एकाच हाताची असावी.

मॉर्मनांनी स्वतःचे पत्र काढले ते मिसूरीतल्या इंडिपेंडन्स येथे, जून 1832 मध्ये. ‘इव्हनिंग अँड द मॉर्निंग स्टार’ असे त्याचे नाव आणि डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स संपादक. मिसूरीत गुलामगिरी कायदेशीर होती. जुलै 1833 च्या अंकात फेल्प्सने मुक्त कृष्णवर्णीयांच्या राज्यातील प्रवेशासंबंधीचा कायदा छापला. बाहेरच्या सदस्यांनी नकळत कायदा मोडू नये, हा हेतू होता. स्थानिक गोऱ्यांनी तो ‘त्यांना इकडे बोलावणे’ असा वाचला. 20 जुलैला जमावाने फेल्प्सचे घर पाडले, यंत्र बाहेर फेकले, छपाईचे खिळे विखुरले. छपाई चालू असलेल्या दुसऱ्या धर्मग्रंथाचे फर्मे रस्त्यावर पडले, ते रॉलिन्स घराण्यातल्या दोन मुलींनी उचलून मक्याच्या शेतात लपवले. पाच वर्षांनी, 27 ऑक्टोबर 1838 रोजी, गव्हर्नर बॉग्जने मॉर्मनांना राज्यातून हाकला नाहीतर नष्ट करा असा हुकूम काढला. तो औपचारिकपणे मागे घ्यायला 1976 उजाडले.

छापखाना फोडला जाण्याचे दुःख भोगलेल्या याच समाजाने अकरा वर्षांत दुसऱ्याचा छापखाना फोडला. ही गोष्ट लपवून मॉर्मनांचा इतिहास सांगता येत नाही. इलिनॉयमधल्या नाव्हू शहरात जोसेफ स्मिथ महापौर होता. विल्यम लॉ हा त्याचा माजी सल्लागार आणि काही असंतुष्ट मंडळी यांनी 7 जून 1844 रोजी ‘नाव्हू एक्स्पोझिटर’ काढला. चार पाने, 1,000 प्रती. स्मिथ गुपचूप बहुपत्नीत्व चालवतो आणि धर्मसत्ता व राजसत्ता एकाच मुठीत ठेवतो, हे मुख्य आरोप. नगर परिषदेने पत्राला ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरवले आणि 10 जूनच्या संध्याकाळी यंत्र फोडले गेले. दुसरा अंक निघालाच नाही. शेजारच्या ‘वॉर्सॉ सिग्नल’चा संपादक थॉमस शार्प याने वाचकांना दारूगोळ्याने उत्तर द्यायला सांगितले. 27 जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना ठार केले. शार्पवर त्या खुनाचा खटला चालला आणि 1845 मध्ये तो निर्दोष सुटला.

एक्स्पोझिटरची भाषा कडवट होती, पण बहुपत्नीत्वाची बाब खरी होती. चर्च तेव्हा ती नाकारत होते. 29 ऑगस्ट 1852 रोजी युटामध्ये चर्चचा एक नेता ऑर्सन प्रॅट याने ती जाहीरपणे मान्य केली. खुद्द जोसेफच्या बायकांची संख्या चर्चने आपल्या संकेतस्थळावर मांडली ती 2014 साली, एका निबंधाच्या तळटीपेत: अंदाजे 30 ते 40. नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते पहिल्या पानावर घेतले. नाव्हूत फोडलेल्या पत्रातल्या मजकुराला पहिल्या पानापर्यंत यायला 170 वर्षे लागली.

जोसेफच्या मृत्यूनंतर बहुतेक मॉर्मन पश्चिमेकडे युटात गेले. तिथे अडचण अंतराची होती. सॉल्ट लेक सिटीत ‘डेझरेट न्यूज’चा पहिला अंक 15 जून 1850 रोजी निघाला, संपादक विलर्ड रिचर्ड्स. कागद हजार मैलांवरून बैलगाड्यांनी यायचा, तो संपला की अंक थांबायचा. म्हणून चिंध्यांपासून कागद करायचे ठरले. जॉर्ज गॉडर्ड नावाच्या सदस्याला 1861 पासून गावोगाव चिंध्या मागत हिंडण्याचे काम चर्चने धर्मकार्य म्हणून दिले. तीन वर्षांत त्याने एक लाख पौंडांहून अधिक चिंध्या जमवल्या.

1850 च्याच दशकात मॉर्मनांची बातमी आपल्याकडेही आली होती. मॉर्मन प्रचारक ह्यू फिंडले 1852 मध्ये मुंबईत उतरला, तेव्हा इथल्या इंग्रजी पत्रांनी त्याच्या आधीच विरोधाचा मजकूर छापायला सुरुवात केली होती. त्याला उत्तरादाखल पुस्तिका काढाव्या लागल्या. मग तो पुण्याला गेला आणि तिथे छोटी शाखा उभी राहिली. ती टिकली नाही, पण मुंबई-पुण्यात मॉर्मन हा शब्द वाचकांपुढे आला तो असा.

सप्टेंबर 1857 मध्ये दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज येथे स्थलांतरितांच्या तांड्यातले सुमारे 120 जण मारले गेले. मारणारे प्रामुख्याने स्थानिक मॉर्मन सैनिकदलाचे होते, पण सुरुवातीला सगळा दोष पायूट आदिवासींवर टाकला गेला. बातमी ऑक्टोबरमध्ये ‘लॉस एंजेलिस स्टार’ने दिली. डेझरेट न्यूज जवळजवळ गप्प राहिला. चर्चच्या मालकीच्या पत्राबद्दल पुढे कायम राहिलेला अविश्वास इथे मुरला.

दोन वर्षांनी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली घोडागाडीने युटात आला. 13 जुलै 1859 रोजी तो सुमारे दोन तास चर्चचा प्रमुख ब्रिगम यंग याच्यासमोर बसला आणि प्रश्न व उत्तरे जशीच्या तशी लिहून पाठवली. ती 20 ऑगस्टला छापली गेली. वृत्तपत्रीय मुलाखतीच्या पहिल्या नमुन्यांत तिची गणना होते. गुलामगिरीवर काय मत, दशांश (उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा भाग) कसा गोळा होतो, बायका किती, असे थेट प्रश्न. शेवटच्या प्रश्नाला यंगने पंधरा हा आकडा दिला. त्याआधी तीस वर्षे मॉर्मनांविषयी सगळेच बोलत होते. ग्रीलीने त्यांच्या प्रमुखाचे बोलणे त्याच्याच शब्दांत वाचकांपुढे ठेवले, हे त्याचे मोठे काम. पण पुढच्या बातमीदारांनी त्यातला फक्त बायकांचा प्रश्न उचलला. 1861 मध्ये तारायंत्र आणि 1869 मध्ये रेल्वे आल्यावर प्रवासी लेखकांची रीघ लागली आणि सचित्र साप्ताहिकांनी लांबलचक पलंगांची व्यंगचित्रे काढली. दशांश, पाटबंधारे, स्थलांतरितांसाठीचा निधी हे विषय मागे पडले.

सॉल्ट लेकमधला विरोधी आवाज चर्चच्या आतूनच निघाला. ब्रिगम यंगच्या आर्थिक धोरणाला विरोध करणारे विल्यम गॉडबी आणि ई. एल. टी. हॅरिसन 1869 मध्ये बहिष्कृत झाले. 1 जानेवारी 1870 रोजी त्यांनी ‘मॉर्मन ट्रिब्यून’ काढले, तेच वर्षभराने ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ झाले. 1873 मध्ये ते कॅन्ससच्या तिघांनी घेतले आणि भाषा जहाल झाली. 1901 मध्ये खाणमालक व सिनेटर थॉमस कर्न्सने ते विकत घेतले. त्यानंतर संपादकपदी आलेला फ्रँक कॅनन हा एका मॉर्मन प्रेषिताचा, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एकाचा मुलगा होता, आणि त्याने चर्चच्या अध्यक्षावर वर्षानुवर्षे अग्रलेख चालवले.

या काळातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे 1890 चा जाहीरनामा. 1882 आणि 1887 च्या कायद्यांनी बहुपत्नीत्वासाठी तुरुंग आणि चर्चची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद झाली होती. सप्टेंबर 1890 मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफने नवे बहुविवाह थांबवण्याचे निवेदन काढले. ते पाठवले गेले वृत्तपत्रांकडे. त्याचे पहिलेच वाक्य बातम्यांविषयी आहे: सॉल्ट लेकहून राजकीय हेतूने पाठवलेल्या तारा सर्वत्र छापून आल्या असून त्यांत गेल्या जूनपासून चाळीस किंवा अधिक बहुविवाह झाल्याचे म्हटले आहे, आणि तो आरोप आपण नाकारतो. हे निवेदन आता चर्चच्या धर्मग्रंथात समाविष्ट आहे. प्रेस नोटीचे शास्त्रवचन झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. गुप्त विवाह मात्र त्यानंतरही काही वर्षे होत राहिले, सिनेटवर निवडून आलेला मॉर्मन प्रेषित रीड स्मूट याची तिथे चौकशी चालू असताना ते उघड झाले आणि 1904 मध्ये दुसरे निवेदन काढावे लागले.

विसाव्या शतकात सूर पालटला. मंदीच्या काळात, 1936 मध्ये, चर्चने सुरू केलेल्या मदतयोजनेने नियतकालिकांना शिस्तप्रिय, कष्टाळू मॉर्मनाचे चित्र दिले. डेझरेट न्यूज आणि ट्रिब्यून या सॉल्ट लेकमधल्या दोन वैऱ्यांनीही 1952 मध्ये करार करून छपाई, वितरण आणि जाहिराती एकत्र केल्या. संपादकीय विभाग तेवढे वेगळे राहिले. दोन्ही पत्रे जगली ती यामुळेच.

नावांचा गोंधळ मात्र वाढला. जाहीरनामा न मानणारे गट चर्चमधून बाहेर पडले आणि वेगळे राहू लागले. 26 जुलै 1953 रोजी अॅरिझोनाच्या गव्हर्नरने अशाच एका गटाच्या शॉर्ट क्रीक या वस्तीवर धाड घातली आणि सोबत पत्रकार नेले. आयांपासून तोडलेल्या मुलांचे फोटो छापले गेले आणि लोकमत गव्हर्नरवरच उलटले. 2008 मध्ये टेक्ससमधल्या एका कुरणवस्तीतून चारशेहून अधिक मुले हलवली गेली. ती वस्ती ‘फंडामेंटलिस्ट’ गटाची होती, पण अनेक मथळ्यांत नुसते ‘मॉर्मन’ छापले गेले. सॉल्ट लेकच्या चर्चने तेव्हा वृत्तमाध्यमांना फरक समजावणारी पत्रे पाठवली.

ऑगस्ट 2018 मध्ये अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे नावच वापरू नये असे सांगितले. असोसिएटेड प्रेसने 2019 मध्ये आपली शैलीपुस्तिका बदलली. पहिल्या उल्लेखात ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव, नंतर ‘चर्च’ आणि ‘सदस्य’, आणि जागेसाठी किंवा स्पष्टतेसाठी गरज पडली तरच ‘मॉर्मन’. इंग्रजीत ‘लॅटर’ आणि ‘डे’ यांमध्ये जोडरेघ आणि लहान ‘डी’ पाळावा लागतो, कारण जोसेफच्या मुलाने ज्याचे नेतृत्व केले त्या दुसऱ्या शाखेच्या नावात जोडरेघ नव्हती. ती शाखा 2001 पासून ‘कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट’ म्हणवते.

मराठीत भाषांतर करताना आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो. ‘बिशप’ म्हणजे इथे काहीशे लोकांच्या स्थानिक मंडळीचा बिनपगारी प्रमुख, जो नोकरी-धंदा सांभाळून काही वर्षे हे काम करतो. ‘बिशपला अटक’ असा मथळा दिला की वाचकाला कॅथलिक धर्मप्रांताचा प्रमुख डोळ्यांपुढे येतो. ‘टेंपल’ म्हणजे रविवारच्या उपासनेची जागा नव्हे, ती सभागृहे वेगळी असतात. टेंपल समर्पणाआधी काही दिवस सर्वांना व पत्रकारांना पाहता येते, नंतर पात्र ठरलेल्या सदस्यांनाच. आणि 1 कोटी 70 लाखांहून अधिक हा सदस्यांचा आकडा नोंदवहीतला आहे. त्यात उपासनेला न येणारेही धरलेले असतात.

पैशाची बातमी सर्वांत अवघड. 1959 पर्यंत चर्च दरवर्षी खर्चाचा तपशील जाहीर करायचे, नंतर ते बंद झाले. तेव्हापासून पत्रकारांचा भर ब्रिटन आणि कॅनडासारख्या देशांतल्या सक्तीच्या हिशेबपत्रकांवर आणि आतून फुटलेल्या कागदांवर असतो. डिसेंबर 2019 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून एन्साइन पीक या गुंतवणूक संस्थेकडे सुमारे 100 अब्ज डॉलर असल्याचे छापले. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकी रोखे आयोगाने 13 नामधारी कंपन्यांच्या आडून समभाग दाखवल्याबद्दल त्या संस्थेला 40 लाख आणि चर्चला 10 लाख डॉलर दंड केला.

दरम्यान सॉल्ट लेकमधला छपाईचा करार 2020 च्या अखेरीस संपला. ट्रिब्यून त्याआधीच, 2019 मध्ये, ना-नफा संस्था झाले होते. चर्चच्या मालकीचा डेझरेट न्यूज आणि ट्रिब्यून या दोघांनी एकाच वेळी रोजचा छापील अंक थांबवला, आणि 2021 पासून दोन्ही कागदावर आठवड्याच्या हिशेबाने निघू लागले.