हैदराबादचा स्वतंत्र राष्ट्राचा दावा आणि मराठवाडा

ब्रिटिश साम्राज्य भारतातून जात असताना हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपले संस्थान स्वतंत्र राष्ट्र म्हणून टिकवण्याचा केलेला प्रयत्न आणि तो हाणून पाडणारा प्रजेचा लढा (१९४७–४८). संस्थानातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांत हा लढा मराठवाडा मुक्तिसंग्राम म्हणून ओळखला जातो.

संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपणार होती. मग सार्वभौमत्व आपल्याकडेच परत येते, अशी भूमिका निजामांनी जूनमध्येच जाहीर केली. राष्ट्राला लागणारा बाहेरचा सरंजाम त्यांच्याकडे होता : सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून अधिक प्रजा, हाली सिक्का हे स्वतःचे चलन, स्वतःचे टपाल, रेल्वे आणि फौज. नव्हती ती प्रजेची संमती. बहुतेक लोक तेलुगू, मराठी वा कन्नड बोलत आणि कारभार उर्दूत चाले. लोकांना जबाबदार असणारी राज्यपद्धती मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये, ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहे आणि महाविद्यालये सोडावी लागली; त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. साम्राज्यापासून वेगळे होऊन राष्ट्र घडते ते तिथल्या लोकांच्या इच्छेने. हैदराबादेत ही इच्छा दाव्याच्या विरुद्ध बाजूला उभी होती.

स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली भारतात विलीनीकरणाची चळवळ पेटली. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ, बाबासाहेब परांजपे, दिगंबरराव बिंदू यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे होते. लढ्याची पद्धत संस्थानाच्या तिजोरीवर नेम धरणारी होती. ताडीपासून मिळणारे अबकारी उत्पन्न बुडावे म्हणून गावोगाव शिंदीची झाडे तोडली गेली. धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, नाकारली गेली. सरहद्दीवर मालावर जकात घेणारे करोडगिरी नाके जाळले गेले. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक कार्यकर्त्यांनी ताब्यात घेऊन रक्कम लढ्यासाठी नेली. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड अशा हद्दीबाहेरच्या गावांत कॅम्प होते. शेतकरी आणि विद्यार्थी तिथून रात्री आत शिरत. या साध्या माणसांची नावे इतिहासात फार थोडी उतरली, याची खंत वाटते.

नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला, पण तणाव वाढतच गेला. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवी यांच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, खेड्यापाड्यांत लूट आणि हत्या केल्या. विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. या लढ्याला हिंदू-मुस्लिम लढा म्हणणाऱ्यांनी हे नाव विसरू नये. त्याच महिन्यात निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच तिने काबीज केला. १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती जाहीर केली. लोक या कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर भीषण सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नोंद केली. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तिसंग्रामाच्या गौरवात हा भाग बहुधा गाळला जातो. ते योग्य नाही.

निजाम १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख, होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.