टॉकिंग हेड्स

टॉकिंग हेड्स हा न्यूयॉर्कचा रॉक बँड. 1975 साली तो रंगमंचावर आला आणि 1991 मध्ये अधिकृतपणे संपला. डेव्हिड बर्न (गायन, गिटार), टिना वेमाउथ (बेस गिटार), क्रिस फ्रान्ट्झ (ड्रम) आणि जेरी हॅरिसन (कीबोर्ड, गिटार) हे त्याचे चार सदस्य. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पंक या आक्रमक, ओबडधोबड रॉकच्या पाठोपाठ आलेल्या न्यू वेव्ह संगीतातल्या सर्वांत प्रभावी बँडांमध्ये त्याची गणना होते. आठ स्टुडिओ अल्बम एवढाच त्यांचा संसार. पण रॉकचा भर गिटारच्या सुरावटीवरून ठेक्यावर आणण्याचे काम गोऱ्या बँडांपैकी क्वचितच कोणी इतक्या ताकदीने केले असेल.

बर्न, फ्रान्ट्झ आणि वेमाउथ हे तिघे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या कलाविद्यालयाचे विद्यार्थी. बर्नचा जन्म 1952 सालचा, स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनचा. त्याचे बालपण कॅनडात आणि मेरिलंडमध्ये गेले. बर्न आणि फ्रान्ट्झ यांनी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातच ‘द आर्टिस्टिक्स’ हा बँड काढून पाहिला होता. पुढे तिघे न्यूयॉर्कला येऊन एकाच लॉफ्टमध्ये (गोदामवजा मोठ्या खोलीत) राहू लागले. बेस वाजवायला कोणी मिळेना, तेव्हा फ्रान्ट्झच्या आग्रहावरून वेमाउथने तो हाती घेतला. बेस वाजवणारी गायिका सुझी क्वाट्रो हिचे अल्बम ऐकत ती शिकली. तिच्या वादनात दाखवेगिरी नाही. मोजके स्वर, नेमक्या जागी सोडलेली रिकामी जागा. पुढच्या सगळ्या संगीताची इमारत याच पायावर उभी राहिली, आणि याचे श्रेय तिला पुरेसे मिळालेले नाही.

जून 1975 मध्ये मॅनहॅटनच्या बावरी रस्त्यावरच्या ‘सीबीजीबी’ क्लबात त्यांनी रमोन्स या बँडच्या आधी पहिला कार्यक्रम केला. त्या क्लबात फाटक्या जीन्स आणि चामडी जॅकेटांचे राज्य होते. हे तिघे मात्र बारीक कापलेले केस आणि साध्या कॉलरच्या टी-शर्टात, कचेरीतून सुटून आल्यासारखे उभे राहत. बर्नचा आवाज चिरका, घशात अडकलेला, मान ताठ, नजर भेदरलेली. गाण्यांचे विषयही रॉकला अनोळखी: इमारती, नोकरी, सरकार, कागदपत्रे. सायर रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या सीमोर स्टाइन यांनी त्यांना करारबद्ध केले. ‘मॉडर्न लव्हर्स’ या बँडमधला हॅरिसन 1977 मध्ये येऊन मिळाला आणि त्याच वर्षी ‘टॉकिंग हेड्स : 77’ हा पहिला अल्बम निघाला. ‘सायको किलर’ हे गाणे त्यातलेच.

दुसऱ्या अल्बमपासून (1978) इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो निर्माता म्हणून आला. बहामामधल्या नॅसॉ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. गायक अल ग्रीनच्या ‘टेक मी टू द रिव्हर’ची लय त्यांनी संथ, जड केली आणि ते गाणे लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत 26व्या क्रमांकापर्यंत गेले. 1979 च्या ‘फिअर ऑफ म्युझिक’मधले ‘आय झिंब्रा’ हे पहिले गाणे म्हणजे पुढच्या वळणाची वर्दी होती. ह्यूगो बाल या दादावादी (कलेतला अर्थ आणि तर्क झुगारणाऱ्या चळवळीतल्या) कवीचे निरर्थक शब्द आणि त्याखाली आफ्रिकी वळणाचा ताल.

ते वळण म्हणजे ‘रिमेन इन लाइट’ (ऑक्टोबर 1980). नायजेरियाचा संगीतकार फेला कुटी त्या वेळी बर्न आणि ईनो यांच्या कानांत सतत घुमत होता. आधी गाणे लिहायचे आणि मग वाजवायचे, हा क्रम त्यांनी मोडला. चौघे स्टुडिओत एकेक छोटा तुकडा वाजवत राहिले. जमलेले तुकडे एकावर एक रचले गेले, आणि शब्द शेवटी आले. ‘वन्स इन अ लाइफटाइम’ नीट ऐकावे: कडवे असो वा ध्रुवपद, खालची बेसची ओळ जवळजवळ हलत नाही. गाणे पुढे सरकते ते केवळ वरचे थर बदलत गेल्याने. बर्नने त्यातले बोल रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या आवेशात म्हटले आहेत. अमेरिकेत ते एकल (अल्बमबाहेर सुटे काढलेले गाणे) म्हणून चालले नाही, ब्रिटनमध्ये 14व्या क्रमांकावर पोहोचले. आज मात्र बँडची ओळख सांगताना हेच गाणे आधी आठवते.

कटुताही याच अल्बमने पेरली. सगळ्यांनी मिळून घडवलेले संगीत, पण पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर बहुतेक गाणी बर्न आणि ईनो यांच्या नावे छापली गेली. पुढच्या आवृत्त्यांत बाकीच्यांची नावे आली. ही बाब किरकोळ समजू नये. तुकड्या-तुकड्यांनी, सामूहिक वादनातून घडलेल्या गाण्याचा कर्ता कोण, या प्रश्नाला लेखक आणि चाल एवढेच ओळखणाऱ्या जुन्या पद्धतीत उत्तर नव्हते. ईनोचे काम इथेच थांबले. वेमाउथ आणि फ्रान्ट्झ यांनी (त्यांचे लग्न 1977 मध्ये झाले होते) ‘टॉम टॉम क्लब’ हा स्वतंत्र बँड काढला. त्यांच्या 1981 च्या ‘जीनियस ऑफ लव्ह’चा तुकडा गायिका मराया कॅरीने 1995 मध्ये ‘फँटसी’साठी घेतला, हिपहॉपमध्ये तर तो किती जणांनी वापरला याला गणतीच नाही.

‘स्पीकिंग इन टंग्ज’ (1983) या अल्बममधले ‘बर्निंग डाउन द हाउस’ अमेरिकेत 9व्या क्रमांकावर गेले. त्याच दौऱ्यातले कार्यक्रम दिग्दर्शक जोनाथन डेमी यांनी डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात चित्रित केले. ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा चित्रपट 1984 मध्ये आला. सुरुवातीला बर्न एकटाच गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन रिकाम्या रंगमंचावर येतो. पुढच्या गाण्याला वेमाउथ, मग फ्रान्ट्झ, मग हॅरिसन. वाजवणे चालू असतानाच कामगार मागून ड्रमचा चौथरा ढकलत आणतात. कीबोर्डवर बर्नी वॉरेल, तालवाद्यांवर स्टीव्ह स्केल्स, गिटारवर अॅलेक्स वीअर आणि दोन गायिका अशी नऊ जणांची फौज उभी राहते. प्रेक्षकांचे चेहरे जवळजवळ शेवटापर्यंत दिसत नाहीत. बर्नचा तो अवाढव्य सूट ‘नो’ या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारावरून सुचलेला. एक बँड कसा घडतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा संगीतपट सांगणे कठीण आहे.

1984 नंतर बँडने दौरा केला नाही. ‘लिटल क्रीचर्स’ (1985) खूप खपला. ‘ट्रू स्टोरीज’मधल्या (1986) ‘रेडिओ हेड’ गाण्यावरून इंग्लंडच्या रेडिओहेड बँडने नाव घेतले. ‘नेकेड’ (1988) पॅरिसमध्ये झाला. डिसेंबर 1991 मध्ये विसर्जन जाहीर झाले. बर्न वगळता उरलेल्या तिघांनी 1996 मध्ये ‘द हेड्स’ नावाने अल्बम काढला, तेव्हा बर्न न्यायालयात गेला.

बर्नला ‘द लास्ट एम्परर’ या चित्रपटाच्या संगीतासाठी र्‍यूइची साकामोतो आणि काँग सू यांच्यासह ऑस्कर मिळाले. 1988 मध्ये त्याने ‘लुआका बॉप’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. ब्राझीलचा गायक-संगीतकार टॉम झे तिच्यामुळे जगभर पोहोचला, आणि कन्नड चित्रपटांचे संगीतकार विजय आनंद यांच्या गाण्यांचा एक संग्रहही तिने काढला.

एलसीडी साउंडसिस्टम, व्हँपायर वीकेंड, आर्केड फायर या पुढच्या बँडांवर टॉकिंग हेड्सची छाप स्पष्ट ऐकू येते. आफ्रिकेकडून घेतलेल्या या संगीतावर आफ्रिकेचे काय म्हणणे, हा रास्त प्रश्न आहे. बेनिनची गायिका अँजेलिक किजो हिने ‘वन्स इन अ लाइफटाइम’ ऐंशीच्या दशकात पॅरिसमध्ये ऐकले आणि त्यातली आफ्रिका तिला लगेच ओळखू आली. 2018 मध्ये तिने ‘रिमेन इन लाइट’ संपूर्ण नव्याने गाऊन काढला. त्यात फेलाचा जुना ड्रमवादक टोनी अॅलन वाजवतो. मूळ कृतीवरचा तो सर्वांत मोलाचा अभिप्राय मानायला हवा.

2002 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्या प्रसंगी चौघे एकत्र वाजले. त्यानंतर सप्टेंबर 2023 मध्ये, ‘स्टॉप मेकिंग सेन्स’च्या नव्या प्रतीच्या प्रदर्शनासाठी, ते टोरोंटो चित्रपट महोत्सवात एकाच व्यासपीठावर बसले आणि दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, वाद्ये मात्र त्यांनी हाती घेतली नाहीत.