तंबोऱ्याची प्रवासपेटी

तंबोरा (तानपुरा) परगावी नेताना ज्या कठीण आवरणात ठेवतात ती प्रवासपेटी. घरातल्या घरात कापडी गवसणी पुरते. तिने धूळ आणि ओरखडे टळतात, धक्का मात्र थेट भोपळ्याला (तंबोऱ्याच्या गोल, पोकळ बुडाला) बसतो. फोमची बॅग स्वतःच्या गाडीत, वाद्याजवळ माणूस बसणार असेल तर चालते. रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून किंवा विमानाच्या मालकक्षातून जायचे असेल तर फायबरची किंवा प्लायवुडची पेटीच हवी.

तयार पेटी घेताना सगळ्यात जास्त फसगत मापात होते. मिरजेच्या कारागिरांकडे (तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) येणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या वेलींवर वाढलेला असतो. त्यामुळे एकाच हातचे दोन तंबोरेही सारखे निघत नाहीत आणि दुकानातल्या ‘लेडीज’ (लहान), ‘जेंट्स’ (मोठा) या शब्दांवर पेटी घेता येत नाही. एकूण लांबी, तबलीची (भोपळ्याच्या तोंडावरच्या पातळ लाकडी फळीची) सर्वांत जास्त रुंदी, तबलीपासून भोपळ्याच्या पाठीपर्यंतची खोली, खुंट्यांसकट (तारा ताणायच्या खुंट्या) रुंदी आणि घोडीची (तबलीवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीची) उंची अशी पाच मापे लिहून न्यावीत. अस्तरासाठी प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरावे.

तंबोरा बहुधा दोन जागी फुटतो: भोपळ्याच्या पाठीला आणि गळ्याशी, म्हणजे भोपळा लांब दांडीला जोडतात तिथे. उताणा ठेवला की भोपळा खाली टेकतो आणि दांडी अधांतरी राहते. पेटी आदळली की सगळा हिसका गळ्याच्या सांध्यावर येतो. म्हणून दांडीखाली गळ्याजवळ एक आणि खुंट्यांच्या अलीकडे एक असे घट्ट फोमचे, दांडीच्या गोलाईत कापलेले ठोकळे हवेतच. वजन त्यांनी पेलावे. भोपळ्याभोवती मऊ फोम असावा. नुसती गादी जाड असून उपयोग नाही, मऊ फोम दबून तळाला लागतो. झाकण आणि घोडीवरच्या तारा यांच्यात दोन बोटे जागा राहावी, नाहीतर झाकणाचा दाब घोडीवाटे तबलीवर जाऊन तिला तडा जातो. खुंट्यांना बाजूने काहीही टेकू नये. निमुळती खुंटी आत रेटली गेली की दांडीचे भोक चिरते.

पेटी गुडघ्याने दाबून बंद करावी लागत असेल तर ती लहान आहे. बंद करून एक टोक हळूच उचलावे. आत ‘धप्’ झाले तर मोकळी जागा आहे. तिथे जुन्या चादरीची घडी भरावी.

भरण्यापूर्वी तारा दोन-तीन स्वर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. काही तंबोऱ्यांची घोडी केवळ तारांच्या दाबावर उभी असते. मण्यांखाली (स्वर बारीक जुळवण्यासाठी तारांत ओवलेले मणी) सुती फडके सरकवावे, म्हणजे तबली खरवडत नाही. जव्हारीचे दोरे (तार झंकारावी म्हणून घोडीवर तारेखाली सरकवलेले) काढून पाकिटात ठेवावेत.

अनेक विमान कंपन्यांची सामानाची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. पाच फुटी तंबोऱ्याची पेटी ती सहज ओलांडते, म्हणून जादा आकाराचे शुल्क तिकीट काढतानाच विचारावे. घोडी हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची असेल तर परदेशी जाण्यापूर्वी ती बदलून घ्यावी. अशी वस्तू सीमाशुल्क तपासणीत अडकते.

उन्हात बंद गाडीत पेटी ठेवू नये, सांध्यांचा सरस सुटतो. मुक्कामी पोहोचल्यावर, विशेषतः गार मालकक्षातून आल्यावर, तासभर झाकण उघडू नये. एकदम दमट हवा लागली की भोपळ्यावर पाणी धरते. नंतर मात्र पेटी उघडी ठेवून अस्तर वाळवावे, कारण फायबरमधून ओल बाहेर जात नाही आणि भोपळ्याला बुरशी धरते.