पडदे रंगवणाऱ्यांचं शहर

युनेस्कोने २००४ मध्ये ‘सर्जनशील शहरां’चं जाळं उभारलं. चित्रपटांसाठी मुंबईला त्यात जागा मिळाली २०१९ मध्ये. कलेच्या जोरावर शहर उभं राहू शकतं, हे आता अहवालांतून वाचायला मिळतं. कोल्हापूरने ते शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलं होतं. पुढे त्याचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसवली. मग कापडगिरणी आली, राधानगरीच्या धरणाचं काम निघालं. त्याच धडाक्यात १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला पाठ लावून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. पैलवान आणि नट एकमेकांचे शेजारी झाले. गूळ, धरण, तालीम, नाटक यांची खाती महाराजांनी वेगळी मांडली नव्हती, असं मला वाटतं.

नाटक आलं की पडदे आले. राजवाडा, जंगल, देऊळ असे भलेमोठे पडदे रंगवण्यात आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या भावांचा हातखंडा होता. आडनाव मागे पडून ते ‘पेंटर’च झाले. घरात सुताराची, मूर्तिकाराची हत्यारं होतीच. सिनेमाचा विलायती कॅमेरा परवडेना, तेव्हा तो आपणच घडवायचं या दोघांच्या डोक्यात बसलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा तडीस नेला. भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेने. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पुण्यात झळकला.

कंपनी म्हणजे नुसते नट नव्हेत. सुतार, शिंपी, रंगारी, दागिने घडवणारे, घोडे सांभाळणारे अशा कितीतरी हातांना काम लागलं, आणि हे हात गावातलेच होते. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ ही स्वतःची चित्रपट कंपनी काढली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये कोल्हापुरातच तयार झाला.

पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. तिच्या स्टुडिओत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे कोल्हापूरच्या रोपाचं झाड पुण्यात वाढलं. मागे राहिला दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत १९४८ मध्ये तो जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला. रंकाळ्याकाठी शालिनी स्टुडिओही होता.

पण शहर वाढलं तसा जमिनीला भाव आला. स्टुडिओ म्हणजे मोकळी जागा, आणि शहरात मोकळी जागा दिसली की पहिल्यांदा आठवतो तो प्लॉट. जयप्रभा वाचवण्यासाठी कलावंतांना २०२२ मध्येही रस्त्यावर बसावं लागलं. मोरेवाडीत सरकारी चित्रनगरी झाली खरी, पण ती गावाबाहेर. पेठेतला सुतार तिथे चालत जाऊ शकत नाही.

पॅलेस थिएटरचं नाव पुढे गायक-नट केशवराव भोसले यांच्यावरून संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत होरपळलं. शेजारच्या खासबागेतलं व्यासपीठही गेलं. बातमी ऐकून लोक रात्रीच तिथे जमले, जुने रंगकर्मी रडत उभे होते. नाट्यगृह मूळ होतं तसंच बांधायचं, असं मग ठरलं.