औषधखिडकीमागची उजळणी: पाच वर्षांत दोन दिवस

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टने पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करायचे असतात, प्रत्येक किमान एका दिवसाचा. कोर्स भारतीय फार्मसी परिषद, राज्याची फार्मसी परिषद, व्यावसायिक संघटना किंवा मान्यताप्राप्त महाविद्यालय घेऊ शकते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ही हजेरी लागते. हिशेब केला तर सुमारे अठराशे दिवसांत दोन दिवस. आणि ही अटसुद्धा १९४८ च्या मूळ फार्मसी कायद्यानंतर तब्बल ६७ वर्षांनी आली. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीत किंवा गल्लीतल्या मेडिकलच्या काउंटरवर जो माणूस रुग्णाच्या हातात शेवटची वस्तू देतो, त्याने शिकत राहावे असे कायद्याला इतकी वर्षे का वाटले नाही? उत्तर शोधायला कंपाउंडरपर्यंत मागे जावे लागते.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाली आणि तिच्यासोबत औषधनिर्मितीचे शिक्षणही सुरू झाले. बंगालमध्ये कंपाउंडरांचे रीतसर प्रशिक्षण १८८१ चे. पण गावोगावचे बहुतेक कंपाउंडर डॉक्टरच्या हाताखालीच तयार झाले. काम ठरलेले: मिक्श्चर घोटणे, पुड्या बांधणे, मलम कालवणे. बाटलीच्या एका अंगाला कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीच्या कडेला खाचा कापायच्या. सहा खाचा म्हणजे सहा डोस. रुग्णाने एका वेळी एका खाचेपर्यंत प्यायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला इतकी बिनचूक मात्रा सांगणारे साधन आजच्या छापील लेबलातही सापडत नाही. ही हातोटी एकदा बसली की जन्माची. टिंक्चर आणि अल्कलीचे ठरीव नुस्खे वर्षानुवर्षे तेच राहत, त्यामुळे पुन्हा शिकायला बसण्याचे कारणच पडत नसे.

सरकारचे लक्ष वळले ते माणसाकडे नव्हे, मालाकडे. क्विनाइनसह अनेक औषधांतल्या भेसळीच्या तक्रारींवरून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ चा. औषधांवर नियंत्रण आणि फार्मसीच्या व्यवसायाचे नियमन, या दोन्ही शिफारशी त्यात होत्या. पहिलीतून १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. दुसरीला १९४८ चा फार्मसी कायदा येईपर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये बी.फार्म. ही पदवी उभी केली, पण त्या शिक्षणाचा रोख कारखाना आणि प्रयोगशाळेकडे होता. काउंटर मागे राहिला तो तिथपासून.

१९४८ च्या कायद्यापुढे अडचण होती ती आकड्यांची. पदविकाधारक मूठभर आणि दवाखाने गावोगाव. म्हणून पहिल्या नोंदवहीत पदवीधरांबरोबर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किमान पाच वर्षे औषधे बनवून दिल्याचा अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही घेतले. हा व्यवहारी निर्णय होता, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. कलम ४२ ने नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतरांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध बनवून वा मोजून देण्याची मनाई केली, पण तीही लगेच लागू झाली नाही. १९७६ च्या दुरुस्तीने आठ वर्षांची शेवटची मुदत घातली आणि १ सप्टेंबर १९८४ पासून सबब उरली नाही. कलम ३४ मात्र सुरुवातीपासून स्पष्ट होते: नाव वहीत टिकवायचे तर १ एप्रिलपूर्वी वार्षिक शुल्क भरा. नूतनीकरण म्हणजे पावती. मध्यंतरी तुम्ही काय वाचलेत, काय विसरलात, याची विचारणा नाही.

दुकानाच्या पाटीतही हाच दृष्टिकोन दिसतो. १९४५ च्या औषध नियमांतल्या नियम ६५ च्या जुन्या रूपाप्रमाणे फार्मासिस्ट आहे पण औषध बनवण्याची सोय नाही, अशा दुकानाने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ लिहायचे; ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ हे शब्द बनवण्याची सोय असलेल्यांसाठी राखीव. म्हणजे व्यवसायाची ओळख खलबत्त्यावर ठरली, रुग्णाला काय समजावून सांगितले यावर नाही. दरम्यान तयार स्ट्रिपा आल्या आणि खलबत्ता माळ्यावर गेला.

पदविकेचा अभ्यासक्रम १९५३ पासून काही वेळा बदलला. १९९१ च्या शिक्षण नियमांनी जो साचा दिला तो जवळजवळ तीस वर्षे टिकला. बारावी विज्ञान, दोन वर्षे, मग किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, त्यातले किमान २५० तास चिठ्ठीवर औषध देण्याचे. कागदावर हा भाग उत्तम आहे. प्रत्यक्षात हे २५० तास अनेकदा ओळखीच्या दुकानातल्या शिक्क्यावर भरतात, हे या क्षेत्रातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रम थांबला तरी दुकानातली औषधांची फळी थांबली नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइड हे ताप-वेदनेवरचे औषध बंद झाले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेला. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच वन ही कडक नोंदीच्या औषधांची यादी लागू झाली: तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम ही प्रतिजैविके, क्षयाची औषधे, काही झोपेच्या व मानसोपचाराच्या गोळ्या मिळून ४६ औषधे. त्यांसाठी वेगळे रजिस्टर आणि त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, संख्या. रजिस्टर तीन वर्षे जपायचे. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत वा सिरपात अनेक औषधे) बंदी आली, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात ती उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयामार्गे तज्ज्ञांकडे फिरून सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे पुन्हा बंद झाली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे देणाऱ्या केमिस्टलाही रुग्णाची माहिती कळवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन हे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश निघाला.

यातले बरेचसे दुकानदाराला कळले ते होलसेलरच्या निरोपातून, संघटनेच्या परिपत्रकातून किंवा कंपनीच्या प्रतिनिधीकडून. निरोपाचा सूर ठरलेला: अमुक बॅच परत करा, तमुक माल विकू नका. म्हणजे शिक्षणाची जागा स्टॉकच्या सूचनांनी घेतली. तीन वर्षांच्या मुलाची आई तेच सर्दीचे औषध मागायला आली तर तिला काय सांगायचे, याबद्दल परिपत्रकात ओळ नसते.

एक जागा जवळून पाहू, कारण सगळा प्रश्न तिच्यात मावतो. भारतात कुपीत मिळणारे इन्सुलिन बहुतांशी ४० युनिट प्रति मिलि असते, पेनच्या काट्रिजमधले १००. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. डॉक्टरने २० युनिट लिहिले. रुग्णाकडे ४० ची कुपी आहे, पण दुकानातून १०० ची सिरिंज दिली गेली. त्याने २० च्या रेघेपर्यंत भरले म्हणजे ०.२ मिलि, आणि अंगात गेले फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही म्हणून पुढच्या ओपीडीत मात्रा वाढते, मग आणखी वाढते. ५० च्या रेघेवर पोचल्यावर त्याला खरे २० युनिट मिळू लागतात आणि साखर ताब्यात येते. केस पेपरवर मात्र ५० युनिट लिहिलेले. एक दिवस दुसरे कोणी योग्य, म्हणजे लाल टोपणाची सिरिंज देते. ४० ची सिरिंज एका वेळी पुरत नाही म्हणून रुग्ण इमानेइतबारे दोनदा भरून ५० युनिट पुरे करतो आणि रात्री घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो. अचूक वस्तू दिली त्या दिवशी अपघात झाला! उलटी चूकही होते: पेनची सुई संपली म्हणून काट्रिजमधले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले, तर २० च्या रेघेवर ०.५ मिलि भरते आणि ५० युनिट जातात. ही साखळी तोडायला खिडकीत दोन गोष्टी पुरतात: कुपी आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा जुळवणे, आणि रुग्णाला रिकाम्या सिरिंजवर ‘कुठपर्यंत भरता ते दाखवा’ म्हणणे. अर्धे मिनिट लागते. दम्याच्या रोटाकॅपची कॅप्सूल श्वासावाटे ओढण्याच्या यंत्रात न घालता पाण्यासोबत गिळणे किंवा संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी रोज घेणे, या चुकाही याच जातीच्या. औषध बरोबर असते, वापर चुकतो.

असे काम फार्मासिस्टचेच आहे, हा विचार बाहेरून यायला नव्वदचे दशक उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या अहवालात फार्मासिस्टच्या सात भूमिका मांडल्या होत्या, त्यातली एक आजन्म विद्यार्थ्याची. फार्मासिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००२ मध्ये सतत व्यावसायिक विकासाची चौकट दिली: आपल्याला काय येत नाही ते ओळखा, बेत करा, शिका, कामात फरक पडला का ते तपासा. हजेरी आणि शिक्षण यांतला फरक या चौकटीत होता. भारतीय नियमांनी त्यातली हजेरी तेवढी उचलली.

तरी आपल्याकडे एक चांगला नमुना घडला. मुंबईत कचेरी असलेल्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६ पासून मुंबईतल्या दुकानदार फार्मासिस्टांना क्षयाच्या डॉट्स कार्यक्रमासाठी तयार केले. लांबलेला खोकला घेऊन खोकल्याचे औषध मागायला आलेल्याला ओळखणे, त्याला जवळच्या केंद्रावर पाठवणे आणि आलेल्या रुग्णाला समोर गोळ्या घ्यायला लावणे. प्रशिक्षण छोटे होते. पण दुसऱ्या दिवशीच काउंटरवर करायचे काम त्याला जोडलेले होते, म्हणून ते टिकले.

२०१५ च्या नियमांनी समुपदेशनात काय सांगायचे याची यादीच दिली: औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस, कशासाठी, नेहमीचे व गंभीर दुष्परिणाम, साठवण, इतर औषधांशी व अन्नाशी होणारी गडबड, डोस चुकला तर काय. पांढरा कोट आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्लाही आला. रिफ्रेशर कोर्सचा विषय खरे तर ही यादी असायला हवी. अनेक ठिकाणी दिवस जातो तो असा: सभागृह, उद्घाटन, कायद्यावर एक व्याख्यान, एखाद्या आजारावर स्लाइडा, जेवण, प्रमाणपत्र. कोविडच्या काळात हेच पडद्यावर आले आणि माइक बंद ठेवून दुकान चालवण्याची सोय झाली. खारे पाणी भरलेल्या कुप्या, दोन्ही रंगांच्या सिरिंजा, औषध नसलेले इनहेलर आणि ड्राय सिरपची रिकामी बाटली, एवढ्या सामानात वीस जणांचा गट तासाभरात हाताने शिकतो. ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी आधी खुणेच्या खाली घालून हलवायचे, फेस बसल्यावर खुणेपर्यंत भरायचे, हे पाहून नव्हे, करूनच कळते. खर्च किरकोळ. पण पाचशे माणसांच्या सभागृहात हे जमत नाही, आणि पाचशेंची सोय एका दिवसात उरकणे आयोजकाला परवडते.

अडथळा दुकानाच्या बाजूनेही आहे. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर आहे का, हे तपासण्याची मोहीम जोरात चालवली आणि प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा धंदा उजेडात आला. मोहीम गरजेचीच होती. पण एकच फार्मासिस्ट असलेल्या दुकानात कोर्सचा दिवस म्हणजे शटर खाली. म्हणून कोर्स रविवारी होतात आणि सहा दिवस बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस सातव्या दिवशी स्लाइडा पाहतो. सरकारी रुग्णालयातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याची अडचण वेगळी: ओपीडीची रांग, औषधसाठ्याच्या ई-औषधी या संगणक प्रणालीतल्या नोंदी आणि भांडाराचा ताबा एकाच माणसाकडे. रजा मागितली तर खिडकीवर बसायला दुसरे कोणी नसते.

पदविकाधारकांना पुढे जाण्याची एक वाट २०१४ मध्ये बी.फार्म. (प्रॅक्टिस) या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने काढून दिली. चार वर्षे काम केलेल्या नोंदणीकृत पदविकाधारकासाठी. त्याआधी २००८ मध्ये फार्म.डी. ही सहा वर्षांची पदवी आली होती, पण तिचे विद्यार्थी बहुतांशी रुग्णालयांच्या वॉर्डांकडे वळले. ऑक्टोबर २०२० च्या नव्या नियमांनी पदविकेतच सामाजिक फार्मसी, कम्युनिटी फार्मसी आणि औषधोपचारशास्त्र आणले, २०२२ मध्ये नोंदणीपूर्व एक्झिट परीक्षेचे नियम निघाले. त्यामुळे दार नव्यांसाठी अरुंद झाले आहे. १९९१ च्या साच्यातून अगदी शेवटी बाहेर पडलेले विद्यार्थी आज पंचविशीच्या आसपास आहेत. ते साठीपर्यंत खिडकीत उभे राहिले तर सध्याच्या नियमाने त्यांच्या वाट्याला आणखी चौदा दिवसांची उजळणी येते.